हात कोणी लावला ते आधी सांग

थळकर काकांनी आयुष्यात एकही बॉयलर दुरुस्त केलेला नाही. हे मी त्यांची बदनामी म्हणून लिहीत नाही, त्यांना याचा अभिमान आहे. लंडनच्या एजवेअरपासून पिनरपर्यंत ज्या ज्या मराठी घरात हिवाळ्यात रेडिएटर गार पडतो, त्या त्या घरात फ्रिजच्या दारावर त्यांचा नंबर चिकटवलेला असे. आणि या माणसाला पाना कुठल्या बाजूने धरायचा हे आजही माहीत नाही.

त्याचं कारण सरळ आहे. रूबेन थळकर जन्माने भायखळ्याचे, मुळाने अलिबागजवळच्या थळचे बेने इस्रायली ज्यू, आणि नोकरीने लंडनमधल्या एका हीटिंग कंपनीच्या तक्रारींच्या फोनवरचे. अख्खी नोकरी त्यांनी खुर्चीत बसून, कानाला फोन लावून केली. पलीकडे कुडकुडणारा गोरा माणूस, अलीकडे काका. इंजिनिअर पाठवायचा की फोनवरच भागवायचं, एवढं ते ठरवायचे, आणि बहुतेक वेळा फोनवरच भागायचं. निवृत्त झाल्यावर ती सवय गेली नाही. मुलं इंग्रजीत वाढलेली, सिनेगॉगमध्ये सगळे इंग्रजीत बोलणारे. मराठीत भरपूर बोलायला मिळावं म्हणून काका फुकट फोन घेत, असा माझा संशय आहे. त्यांची मराठी मात्र आमच्याहून चांगली होती. आम्ही ‘प्रॉब्लेम’ म्हणायचो, ते ‘बिघाड’ म्हणायचे.

मी पहिला फोन केला तेव्हा आम्ही नुकतंच एजवेअरमध्ये घर घेतलं होतं.

“काका, मी अनघा बोलतेय. तुमचा नंबर महाराष्ट्र मंडळातून मिळाला. आमचं हीटिंग ना...”

“काय बिघडलं ते नंतर सांग. हात कोणी लावला ते आधी सांग.”

“हात? कोणीच नाही.”

“लग्न झालंय?”

“हो.”

“मग नवऱ्याला विचार.”

मंदार सोफ्यावर बसून होता. चेहरा इतका निष्पाप की मला तिथेच कळलं. त्याने वीकेंडला कुठलातरी व्हिडिओ बघून रेडिएटरच्या खालचा एक नळ ‘फक्त बघायला’ फिरवला होता.

“फिरवला होता काका.”

“तो आधी होता तसा करायला सांग. आता मला रेडिएटरला दे.”

“अं?”

“फोन गो. फोन रेडिएटरच्या वरच्या टोकाला लाव. आणि मधे बोलू नकोस.”

मी फोन रेडिएटरला लावून उभी राहिले. सून घरात नवी असावी आणि सासऱ्यांचं बोलणं चालू असावं, तशी. आतून खळखळ आवाज येत होता. मग फोनमधून हाक आली.

“वरती गार आणि खाली ऊन, असंच ना?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“पोटात वारा धरलाय त्याच्या. सोडायला हवा. खाली गार नि वरती ऊन असता तर गाळ साचलाय म्हटलं असतं. वारा बरा. आता बाजूला छोटी चौकोनी खुंटी असेल, तिची किल्ली घे आणि पाव फेरा दे. पाव. नवऱ्याला पाव म्हणजे किती ते माहीत आहे का?”

मंदारने पाव म्हणजे किती ते माहीत असल्यासारखी मान हलवली आणि पूर्ण फेरा दिला. फुस्स करून हवा आली, आणि तिच्यामागून काळ्या पाण्याची चिळकांडी आमच्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर आली.

“काळं आलं?” काकांनी फोनमधून शांतपणे विचारलं.

“हो काका. कार्पेटभर.”

“म्हणजे बरोबर रेडिएटर धरलात.”

त्या डागावर आजही आमचं चपलांचं कपाट उभं आहे. येणारे लोक विचारतात, चपलांचं कपाट लाउंजमध्ये का? आम्ही म्हणतो, वास्तू.

काका-काकूंचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे निघालं, तेव्हा मी चिवडा घेऊन आभार मानायला गेले. दार एस्थर काकूंनी उघडलं. त्यांच्या हातात ड्रिल होतं. काका आत खुर्चीत बसून, कुठे भोक पाडायचं ते डोळे मिटून सांगत होते.

“मी निदान करतो,” ते म्हणाले, “ही ऑपरेशन करते.”

“आणि चुकलं तर?” मी विचारलं.

“तर हात कोणी लावला ते आधी बघायचं,” काकू म्हणाल्या, आणि भिंतीत ड्रिल घातलं.

काकांचं एक तत्त्व होतं. यंत्र कधी आपणहून बिघडत नाही, घरातलं माणूस बिघडतं आणि यंत्र ते बोलून दाखवतं. शिरीष आणि नेहाच्या घरी याचा पुरावा मिळाला. शिरीष नागपूरचा, नेहा डोंबिवलीची. त्यांचं हीटिंग दिवसभर आपोआप कमी-जास्त व्हायचं. दोन इंजिनिअर येऊन गेले, थर्मोस्टॅट बदलून झाला, काही उपयोग नाही. काकांनी दोघांना वेगवेगळे फोन लावले. शिरीषला विचारलं, आंघोळ किती गरम पाण्याने करतोस? नेहाला विचारलं, झोपताना पायमोजे घालतेस का? पाच मिनिटांत निदान झालं. शिरीष येता-जाता तपमान खाली करायचा, नेहा येता-जाता वर करायची, आणि दोघंही इंजिनिअरसमोर मान हलवून म्हणायचे, आम्ही तर हातही लावत नाही.

काकांचा उपचार असा: काकूंनी त्यांच्या घरी जाऊन शिरीषच्या खुर्चीजवळ एक जुना, गोल, टिकटिक करणारा थर्मोस्टॅट बसवला. त्याला वायर नव्हती. तो भिंतीला जोडलेला होता, बाकी कशालाही नाही. शिरीष रोज संध्याकाळी तो खाली फिरवायचा आणि म्हणायचा, हं, आता बरं वाटतंय.

“काका, हे फसवणं नाही का?” मी विचारलं.

“त्याला बरं वाटतंय ना? मग फसवलं कसं?”

तेव्हा काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं. त्यांच्या पॅसेजमध्ये, काकांच्या खुर्चीपासून हात पोचेल इतक्या अंतरावर, एक गोल थर्मोस्टॅट होता. मी तो बघितला आणि काकूंकडे बघितलं. काकांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. हात लावताना मात्र ते फार अदबीने लावायचे.

काकांचा फोन आठवड्याचे सहा दिवस चालू असे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू आणि फोन बंद. शनिवारी दिवे, फोन, बटण, काहीही नाही, थेट रात्री तारे दिसेपर्यंत. “कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे,” ते सांगत. “घाणा चालवणारे, पण शनिवारी बैल सोडून देणारे. आमचे आजे घाणा बंद ठेवायचे, मी कान बंद ठेवतो.” स्वतः करायचं नाहीच, पण दुसऱ्याला ‘कर’ असंही सांगायचं नाही. फार तर सहज बोलल्यासारखं बोलायचं, समोरच्याला आपणहून सुचलं तर सुचलं.

आता आईकडे येते, कारण काकांची खरी करामत तिच्यावरच झाली.

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तिला सहा महिन्यांसाठी पुण्याहून घेऊन आले. ते पहिलं वर्ष तिने बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर एकटीने काढू नये, एवढंच मला हवं होतं. आईने चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं घर चालवलं. आमच्या घरात तिला चालवायला काहीच मिळेना. गॅस नाही, काचेची शेगडी, बोट लागलं की पीं पीं करणारी. थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर, पण हुकूम मंदारच्या फोनमधून. मागच्या दाराचं कुलूप असं, की आधी दांडा वर उचलायचा, मग किल्ली फिरवायची, नाहीतर अडकतं. दिवसातून दहा वेळा आमच्यापैकी कोणीतरी म्हणायचं, “आई, हात लावू नकोस, मी करते.” आपण काळजी घेतोय असं मला वाटत होतं.

तीनेक आठवड्यांनी ती म्हणाली, “घर छान आहे हो तुमचं. अगदी म्युझियमसारखं.”

पुण्यात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. शुक्रवारी तिने मंदारला विचारलं, “तिकीट अलीकडचं करून मिळतं का रे? नुसतं विचारून ठेव.” मंदार म्हणाला, सोमवारी विचारतो. त्या रात्री कडाक्याचा बर्फ पडला, आणि शनिवारी सकाळी उठलो तर घर गार. बॉयलर घशात पाणी घेतल्यासारखा गुळगुळ करायचा, खट् करून बंद पडायचा आणि लाल दिवा लुकलुकवायचा. हीटिंगवाल्यांना फोन लावला तर तिकडून संगीत आलं, आणि संगीत संपल्यावर सोमवार दुपारनंतरची वेळ आली.

आईने दोन स्वेटर, शाल आणि मंदारची बर्फात घालायची टोपी घातली होती. आणि बॅग पलंगाखालून बाहेर आली होती.

म्हणून मग मी खिडकीत पहारा दिला. काका-काकू सिनेगॉगमधून चालत परततात ते आमच्याच गल्लीतून. काकांची हॅट दिसल्याबरोबर मी स्लीपरवरच बाहेर धावले.

“काका, बॉयलर...”

“शब्बाथ शालोम, अनघा. आज मी काही बघू शकत नाही, काही करू शकत नाही, करायला सांगू शकत नाही. पण दारात उभं करून बोलणार असशील तर आत येऊन बसू शकतो.”

ते कोटासकट स्वयंपाकघरात बसले. काकू शेजारी बसल्या. मी आईची ओळख करून दिली, “ही माझी आई, शैला.” काकांनी टोपीकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, “शैलाताई, हात कोणी लावला होता?”

“या घरात?” आई म्हणाली. “मला कशाला हात लावायची परवानगी आहे? आल्यापासून मी फक्त माझ्या गुडघ्यांना हात लावते.”

काका खुर्चीत सावरून बसले. बागेतल्या बाकावर रोज एकट्याने बुद्धिबळ मांडणाऱ्या माणसासमोर कोणीतरी येऊन घोडा हलवावा, तसा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात बॉयलरने गुळगुळ केलं, खट् केलं आणि तो बंद पडला.

“थळला आमच्या आजोबांच्या घरी मोरी होती,” काका छताकडे बघत म्हणाले. “तिचं पाणी नळीतून परसात जायचं. एकदा त्या नळीत बेडूक बसला. पाण्याला जायला वाट नाही, मग मोरी अशाच गुळण्या करायला लागली.”

“बॉयलरमध्ये बेडूक?” मंदारने फोन बाहेर काढला.

“गप रे,” आई म्हणाली. “या थंडीत बेडूक कुठला?”

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले. “या थंडीत बेडूक नाही बसत. दुसरंच काहीतरी बसतं.”

आईने टोपी कानावरून वर सरकवली. “बर्फ.”

“मी काही म्हटलं नाही.”

“नाही म्हटलं,” काकू म्हणाल्या. “मी साक्षीला आहे.”

“मोरीची नळी परसात निघायची, नाही का हो?” आईने विचारलं.

“सगळ्याच नळ्या कुठेतरी निघतात, शैलाताई. माणूस आपल्याच घराची भिंत बाहेरून कधी बघत नाही.”

आई उठली. दांडा उचलला, किल्ली फिरवली, मागचं दार उघडलं. तिला ते येत होतं हे मला त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघराच्या भिंतीतून एक पांढरा प्लास्टिकचा पाईप निघून गटाराच्या जाळीपर्यंत गेला होता. मी त्या घरात सहा वर्षं राहत होते आणि तो पाईप प्रथमच बघत होते. त्याच्या तोंडाला बर्फाचा सुळका लोंबत होता. बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याची वाट गोठून बंद झाली होती, आणि ते बाहेर पडेना म्हणून बॉयलर पेटेना.

मंदारने तत्परतेने किटली उकळली आणि तो दाराकडे निघाला.

“एस्थर,” काका एकदम मोठ्याने म्हणाले, “आपल्या डेव्हिडला पहिली आंघोळ घातली तेव्हा तुझी आई काय म्हणाली होती गं?”

“कढत नको म्हणाली होती. कोपर बुडवून बघा.”

“मंदार, ठेव ती किटली खाली,” आई म्हणाली. “तडकेल ना ते प्लास्टिक.”

मग तिने मोठ्या पातेल्यात पाणी विसणलं, दोन स्वेटरांच्या बाह्या वर सारून कोपर बुडवून पाहिलं, आणि तांब्याने त्या पाईपला आंघोळ घातली. वरपासून खाली, थोडं थोडं, मधेमधे टॉवेलने चोळत. मी जन्मले तेव्हा मलाही तिने अशीच घातली असणार. मी मात्र त्या पाईपपेक्षा जास्त रडले असेन. तिसऱ्या तांब्याला आतून काहीतरी सुटलं, आणि बोटभर बर्फाचा तुकडा सुर्रकन जाळीत पडला.

आम्ही आत आलो. बॉयलर तरीही लाल दिवा दाखवत बसला होता.

“झोपलेल्याला एकदाच हाक मारावी आणि थांबावं,” काका संत्रं सोलत म्हणाले. “सारखं हलवलं तर तो हट्टाला पेटतो.”

“हाक कुठे मारायची?” मी विचारलं.

काका संत्र्यात गढून गेले.

“आमच्याकडे मांजर होतं,” काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरायचं.”

आई बॉयलरजवळ गेली, चष्मा नाकावर घेऊन बटणांवरची चित्रं बघत राहिली, आणि गोल फिरलेल्या बाणावर तिचं बोट थांबलं. तिने ते एकदा दाबलं. काहीच झालं नाही. मंदारचा हात आपोआप पुढे आला.

आईने त्यावर चापट मारली. “हात लावू नकोस.”

आम्ही सगळे थांबलो. आत काहीतरी टक टक झालं, मग हुऽऽ करून ज्योत पेटली. थोड्या वेळाने लाउंजमधला रेडिएटर तापू लागला आणि बोटं मोडल्यासारखा आवाज आला. आईने टोपी काढून मंदारला परत दिली.

निघताना काकू मला दारात हळूच म्हणाल्या, “घर गारठलं असेल आणि म्हातारं माणूस असेल, तर आमच्यात सरळ सांगितलेलं चालतं गो. ह्यांना चांगलं ठाऊक आहे.”

“मग सांगितलं का नाही?”

“सगळी नोकरी सरळ सांगण्यातच गेली ना त्यांची. शिवाय सरळ सांगितलं असतं तर पातेलं कोणी उचललं असतं? तूच ना?”

“मी काही ऐकलं नाही,” काका पायरीवरून म्हणाले.

सोमवारी मंदार फोन घेऊन आईसमोर बसला. “तिकिटाचं विचारू ना, आई?”

“विचार की. मी काय, जाईन.” ती गवार निवडत होती. “त्या बॉयलरला आता माझ्या हाताची सवय झालीय, एवढंच. तुमचं तुम्ही बघा.”

मंदार नाशिकचा. तो म्हणाला, “बरं, मग विचारतो.” मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. बॅग पलंगाखाली परत गेली.

त्यानंतर दर शनिवारी काका-काकू परतताना आमच्याकडे थांबायचे, आणि हे दोघं स्वयंपाकघरात बसून, एकही गोष्ट सरळ न बोलता, तास-दीड तास बोलायचे. आई म्हणायची, “तुमच्यात शनिवारी काही करत नाहीत म्हणे. आमचे जावईबापू आठवडाभर पाळतात.” काका म्हणायचे, “पुण्याच्या लोकांना थंडी वाजत नाही असं ऐकलं होतं. बोलण्यातच एवढी धार, की घर्षणाने ऊब येत असेल.” मग आई खूश होऊन त्यांना आणखी एक संत्रं द्यायची. हा तिच्याकडचा सर्वोच्च सन्मान.

घर मात्र तिच्या ताब्यात गेलं. तिला चोवीस डिग्री लागायचं. माझं वय असं, की माझ्या आत आपोआपच एक बॉयलर पेटतो आणि त्याचं बटण कुठल्याही कंपनीने दिलेलं नाही. मला अठराही जास्त व्हायचं. ती भिंतीवरचा थर्मोस्टॅट हाताने वर करायची, मी खाली करायचे. दोघीही मंदारला सांगायचो, आम्ही तर हातही लावत नाही. हे काकांच्या कानावर कोणी घातलं, मी सांगत नाही, पण तो नाशिकचा आहे. एका रविवारी काकू ड्रिल घेऊन आल्या, काका खुर्चीत बसून डोळे मिटून जागा सांगत राहिले, आणि आमच्या हॉलमध्ये आधीच्या थर्मोस्टॅटसमोर दुसरा एक थर्मोस्टॅट लागला. गोल, टिकटिक करणारा.

“हा कशाला?” मी विचारलं.

“जोडीला,” काका म्हणाले. “आधीचाही काढून आत जरा सारखा केलाय एस्थरने.”

आईने आपला एक निवडला, मी माझा. मी रोज संध्याकाळी माझा खाली फिरवते आणि मला खरोखर बरं वाटतं. आई सहा महिने पुरे करून गेली, आणि आता दर हिवाळ्यात येते. आल्याबरोबर आपला वर फिरवते आणि तिलाही बरं वाटतं.

ती पहिल्यांदा परत जायच्या थोडं आधी, मे महिन्यात, काका-काकू मँचेस्टरला डेव्हिडकडे कायमचे राहायला गेले. निघायच्या दिवशी गाडी आमच्या दारात थांबली. काका आत आले आणि हॉलमधल्या रेडिएटरजवळ उभे राहिले. त्यांनी तळवा आधी वर ठेवला, मग खाली ठेवला. त्यांच्या घरचा तो गोल थर्मोस्टॅट सोडला, तर त्यांना कुठल्या यंत्राला हात लावताना मी तेव्हाच पाहिलं. रेडिएटर बंद होता, मे महिना होता. तरी ते बराच वेळ तसेच उभे होते.

“काही बिघडलंय का हो?” आईने विचारलं.

“नाही. काही नाही.”

“मग हात कोणी लावला ते आधी सांगा,” आई म्हणाली, आणि आत निघून गेली, कारण तिला फोडणी बघायची होती. शेगडीवर काहीही नव्हतं.

गाडी सुरू झाली. काकू चालवत होत्या. तेव्हा मला राहवेना. मी खिडकीशी वाकून विचारलं, “काका, आता तरी सांगा. दोन थर्मोस्टॅटांतला खरा कुठला?”

गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून काकांचे दोन्ही हात बाहेर आले, कोपरापर्यंत, तळवे उघडे. मी कशालाही हात लावलेला नाही, असे.